उसण आणि हजेरी

बाजार समितीच्या आवारात पहाटेपासून जे येते ते सारे तोलले जाते. कांदा तोलला जातो, गूळ तोलला जातो, मिरची तोलली जाते, इतकेच नव्हे तर रिकाम्या बारदानाचे वजनही काटेकोरपणे वजा केले जाते. परंतु हा सगळा माल ज्या पाठीवरून ट्रकमधून गाळ्यात आणि गाळ्यातून टेम्पोत जातो, त्या पाठीला आज किती भार झेपेल याची नोंद मात्र कोणत्याही वहीत होत नाही. हमालाविषयी सकाळी एकच प्रश्न विचारला जातो, आला आहे की नाही. आणि त्याची उत्तरेही दोनच असतात. धडधाकट माणसाच्या बाबतीत हा शिरस्ता निभावून जातो. पण ज्याच्या कमरेत दर दोन-तीन महिन्यांनी उसण भरते, एकदा मुरगळलेला ज्याचा घोटा फळीवरून उतरताना पुनःपुन्हा मुरगळतो, किंवा ज्याच्या खांद्यातली कळ एका हंगामातून दुसऱ्या हंगामात सोबत येते, त्याला हजेरी आणि खाडा यांचा हा दोनच रकान्यांचा हिशेब हळूहळू कायमचा अधू करून सोडतो. कारण त्याचे शरीर पूर्ण बरेही नसते आणि पूर्ण निकामीही नसते, आणि या मधल्या अवस्थेला वहीत जागाच नसते.

ती जागा कशी निर्माण करावी, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. माथाडी आणि हमाल बांधव डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिला असला, तरी ऊसतोडीचा मजूर, गवंडी, एस.टी.चा चालक किंवा पोलीस शिपाई यांपैकी ज्याची ज्याची भाकरी शरीराच्या धडधाकटपणावर अवलंबून आहे, त्याला थोड्याफार फेरफाराने त्याचा उपयोग व्हावा. सर्व विवेचनाचे सार एवढेच की, ‘बरा झालास का?’ या प्रश्नाला होय किंवा नाही असे उत्तर न देता ते किलो, फेऱ्या आणि दिवस या तीन मापांत द्यावे, आणि डॉक्टरांकडून, मुकादमाकडून व स्वतःच्या मनाकडूनही ते याच मापांत मागून घ्यावे.

घाई कोठून येते

दुखापत पुरती भरून येण्याआधीच कामावर धावणाऱ्या माणसाला अविचारी म्हणणे सोपे आहे, परंतु त्याचा हिशेब एकदा मांडून पाहिला म्हणजे त्या घाईमागचे कारण ध्यानात येते. पन्नास किलोंच्या २०० गोण्यांचा ट्रक धक्क्याला लागला, तर तो १० टन माल चार जणांच्या टोळीत प्रत्येकी ५० गोण्यांप्रमाणे, म्हणजे माणशी अडीच टन, असा वाटला जातो. चौघांतला एक घरी राहिला की उरलेल्या तिघांच्या वाट्याला ६६-६७ गोण्या येतात आणि प्रत्येकाच्या पाठीवर आठशे किलोंहून अधिक जादा भार पडतो. बदली माणूस घेतला, तर घरी राहिलेल्याचा वाटा त्याच्याकडे जातो. हमाली नगावर ठरलेली, वाटणी हजर असलेल्यांत होणारी, आणि घरी दुकानदाराची उधारी व मुकादमाकडची उचल चुकती व्हावयाची. अशा स्थितीत अंथरुणावर पडून राहिलेल्या माणसाला कमरेच्या कळेपेक्षा सोबत्यांच्या पाठीवरचा भार आणि घरातल्या डब्यांचा तळ अधिक छळू लागतो, यात नवल नाही.

अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली संघटित झालेल्या कामगारांच्या लढ्यातून १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. शासन, मालक आणि कामगार या तिघांच्या प्रतिनिधींची मंडळे त्याखाली स्थापन झाली, आणि मजुरीवर मालकांकडून लेव्ही घेऊन तिच्यातून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, रजा व वैद्यकीय साहाय्य यांची तरतूद झाली. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने हेच प्रश्न आपल्या रीतीने लढवले. ज्याचे नाव मंडळाच्या नोंदवहीत आहे त्याच्या पाठीशी निदान एक दप्तर उभे आहे. ज्याचे नाही, त्याने दुखापत होण्याची वाट न पाहता आधी नोंदणीचा अर्ज करावा, हा या लेखातील पहिला सल्ला.

दुखणी अनेक नव्हेत, एकच

वारंवार दुखापत होणारा मनुष्य बहुधा आपल्या नशिबाला बोल लावतो. माघात उसण भरली, वैशाखात पुन्हा भरली, श्रावणात तिसऱ्यांदा भरली, असे तो सांगतो तेव्हा त्याच्या मनात तीन स्वतंत्र अपघात असतात. वैद्यकशास्त्राचा अनुभव निराळा आहे. पूर्वी होऊन गेलेली दुखापत हेच पुढच्या दुखापतीचे सर्वांत भरवशाचे पूर्वचिन्ह असते, कारण वेदना थांबणे आणि भार सोसण्याची शक्ती परत येणे या दोन भिन्न घटना आहेत आणि पहिली दुसरीच्या कितीतरी आधी घडते. कमरेची नवी उसण बहुतेकांच्या बाबतीत काही आठवड्यांत ओसरते. पण तेवढ्या काळात पाठीचे, पोटाचे व मांड्यांचे स्नायू शिथिल झालेले असतात. घोटा मुरगळला असता सूज आठवडा-दोन आठवड्यांत उतरते. अस्थिबंध मात्र बळकट होण्यास कित्येक आठवडे घेतात, आणि पाऊल कसे पडत आहे याची पायाला असणारी उपजत जाणीव अभ्यासाशिवाय पुरती परत येत नाही. म्हणूनच तोच घोटा पुन्हा मुरगळतो.

दुखणे थांबताच माणूस ५० किलोंच्या गोणीखाली वाकतो तेव्हा, सावकारी भाषेत सांगावयाचे तर, तो जुन्या कर्जाचे नवे-जुने करीत असतो. खाते मिटत नाही, मुद्दल मात्र वाढत जाते. तेव्हा तीन दुखण्यांची तीन कारणे शोधण्यापेक्षा, पहिले दुखणे अजून पुरते मिटलेलेच नाही असे मानून एकाच धोरणाने त्याचा निकाल लावणे अधिक शहाणपणाचे ठरते.

कशाला थांबू नये

पुढील पायऱ्या सर्वसामान्य उसण, लचक व मुरगळ यांसाठी आहेत. काही खुणा मात्र अशा आहेत की त्या दिसताच घरगुती उपायांत एक दिवसही न दवडता रुग्णालय गाठावे. कंबरदुखीबरोबर पायातली शक्ती कमी होणे, पाऊल वर उचलता न येणे, गुदद्वाराभोवती व मांड्यांच्या आतल्या बाजूस बधिरता येणे, लघवी अडणे किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, ही चिन्हे मज्जातंतूंवर दाब आल्याची असू शकतात आणि तेथे काही तासांचा विलंबही जन्माची हानी करू शकतो. उंचावरून पडल्यानंतरची पाठदुखी, ताप किंवा वजन घटणे यांसह येणारी पाठदुखी, आणि विश्रांतीतही रात्री न थांबणारी वेदना यांची तपासणी लवकर व्हावी. ओझे उचलणाऱ्यांत आढळणारा अंतर्गळ, म्हणजे जांघेतील फुगवटा, आत न जाता कठीण व दुखरा झाला आणि सोबत उलट्या सुरू झाल्या, तर ती तातडीच्या शस्त्रक्रियेची वेळ असते. अशा कोणत्याही अवस्थेत पाठ मोडून घेणे, पाठीवर पाय देववणे किंवा हिसका देऊन मणका ‘बसवून’ घेणे हे धोक्याचे आहे.

उलटपक्षी, ही चिन्हे नसतील तर पहिल्याच दिवशी क्ष-किरण चित्र किंवा एम.आर.आय. काढण्याचा आग्रह धरण्याचे सहसा कारण नसते. चाळिशी ओलांडलेल्या माणसाच्या चित्रात मणक्यांची झीज बहुधा दिसतेच, मग त्याची पाठ दुखत असो वा नसो. आणि ती पाहून आपली पाठ संपली अशी धास्ती घेतलेला माणूस हालचालच टाळू लागतो, जे मूळ दुखण्याहून अधिक नुकसानकारक होते.

पहिले आठ दिवस

उसण भरल्यावर आडवे पडून राहण्याचा जुना परिपाठ आता वैद्यकाने सोडून दिला आहे. एखाद-दुसरा दिवस पडून काढावा लागला तर हरकत नाही. त्यापुढे मात्र घरातल्या घरात फिरणे, दर अर्ध्या तासाने बसण्याची रीत बदलणे आणि दिवसातून तीन-चार वेळा थोडे थोडे चालणे, यानेच कंबर लवकर सैल होते. आखडलेल्या कमरेला शेक बरा वाटतो. ताज्या मुरगळीला कापडात गुंडाळलेला बर्फ एका वेळी पंधरा-वीस मिनिटे लावावा, पाय उशीवर उंच ठेवावा आणि घट्ट मालिश पहिले दोन-तीन दिवस टाळावी.

पहाटेची एक गोष्ट बाजारात काम करणाऱ्यांनी मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगी आहे. रात्रभर आडवे राहिल्याने मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात आणि उठल्यानंतरच्या पहिल्या तासात खोल वाकल्यास त्यांच्यावर येणारा ताण दिवसाच्या इतर वेळेपेक्षा बराच अधिक असतो. आपला हमाल तर तीनला उठून चारला धक्क्यावर वाकलेला असतो. ज्याची कंबर एकदा धरलेली आहे त्याने शक्य तर तासभर आधी उठावे, तोंड धुताना मोरीवर न वाकता गुडघ्यांत वाकावे, बाजारापर्यंतचे काही अंतर पायी चालावे, आणि पहिल्या गाडीवर जमिनीवरून गोणी उचलण्याऐवजी कमरेच्या उंचीवरच्या मालाला हात घालावा.

औषधांविषयी स्पष्ट बोलणे अवश्य आहे. डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने थोडे दिवस घेण्यात वावगे नाही. परंतु सकाळी गोळी घेऊन किंवा इंजेक्शन टोचून घेऊन दिवसभर ओझी वाहावयाची, हा जो रिवाज काही ठिकाणी रुळला आहे तो दुहेरी घातक आहे. वेदना ही थांबण्याची सूचना असते आणि ती बुजवली म्हणजे माणूस मर्यादा ओलांडतो, हा एक तोटा. आणि उन्हात घाम गाळणाऱ्या, पाणी कमी पिणाऱ्या शरीरात याच गोळ्या मूत्रपिंडांना व जठराला इजा करतात, हा दुसरा. मात्रा आणि घटक ज्यावर लिहिलेले नाहीत अशा पुड्या तर मुळीच घेऊ नयेत, कारण झटपट आराम देणाऱ्या अशा पुडीत पुष्कळदा स्टिरॉईड मिसळलेले असते. कळ मारण्यासाठी रात्री दारू घेतल्याने झोप तुटक होते आणि भरून येण्याचे काम लांबते. तंबाखूने हाडे सांधण्याची गती मंदावते.

बादली, क्रेट, गोणी

आता मुख्य भाग, म्हणजे भार परत अंगावर घेण्याचा क्रम. येथे कोणतेही महागडे साधन लागत नाही. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे घरातली बादली आणि लिटरची बाटली एवढ्यावर अचूक वजनाची व्यवस्था होते. बाटलीने मोजून बादलीत पाच लिटर पाणी ओतावे. बादलीचे स्वतःचे वजन एखादा किलो धरावे. दोन हातांत अशा दोन बादल्या घेऊन ताठ चालत घराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दहा फेऱ्या कराव्या. खाली ठेवताना कमरेतून न वाकता नितंब मागे नेऊन गुडघ्यांत वाकावे. दुसऱ्या दिवशी सकाळी कंबर आदल्या सकाळइतकीच किंवा तिच्याहून सैल असेल, तर पाणी एका लिटरने वाढवावे. अधिक आखडलेली असेल, तर दोन लिटरनी कमी करावे. काम करताना थोडे दुखले आणि चोवीस तासांत निवळले, तर ते सह्य मानावे. दुसऱ्या सकाळपर्यंत टिकले, तर आदला भार जास्त होता असे समजावे. हा चोवीस तासांचा नियम सर्व पायऱ्यांना लागू आहे आणि त्याच्याइतका प्रामाणिक परीक्षक दुसरा नाही.

याच काळात उताणे पडून गुडघे वाकवून नितंब वर उचलणे, खुर्चीवर बसणे-उठणे, आणि घोट्याचे दुखणे असलेल्याने दात घासताना भिंतीचा आधार जवळ ठेवून एका पायावर उभे राहणे, एवढे व्यायाम रोज करावेत. फिजिओथेरपिस्ट उपलब्ध असेल तर एकदा तरी त्याच्याकडून ते नीट शिकून घ्यावेत.

बादलीचे दोन आठवडे सुरळीत गेले की बाजारातील हलक्या मालाकडे वळावे. टोमॅटोचे प्लॅस्टिकचे क्रेट साधारणतः वीस किलोंचे असते. निम्म्या पाळीपुरते आणि कमरेच्या उंचीवरून कमरेच्या उंचीवर, अशी ही दुसरी पायरी ठेवावी. तिसऱ्या पायरीत क्रेट पूर्ण पाळी; चौथीत दोघांनी मिळून धरलेली गोणी; पाचवीत एकट्याने पाठीवर घेतलेली, पण दुसऱ्याने चढवून दिलेली गोणी, तीही मोजक्या फेऱ्यांपुरती. जमिनीवरून एकट्याने उचलणे आणि उंच थप्पीवर चढवणे ही अगदी शेवटची पायरी. वजन, फेऱ्यांची संख्या, उंची आणि वेग या चारांपैकी एका वेळी एकच वाढवावे. आज वजनही वाढले आणि फेऱ्याही वाढल्या, तर उद्या दुखले असता दोष कोणाचा हे कळत नाही. प्रत्येक पायरीला निदान एक आठवडा द्यावा, आणि जे अंतर पूर्वी एका उडीत घेतले जात होते त्याला आता पाच-सहा आठवडे लागत आहेत याचे वैषम्य मानू नये. दर तीन महिन्यांनी पंधरा दिवस घरी बसणाऱ्याचे वर्षाचे खाडे याहून जास्तच भरतात.

काम करताना ओझे अंगालगत ठेवणे, कमरेतून पीळ न देता पावले वळवणे, ओल्या कांदापातीवर व सालींवर पाय पडण्यापूर्वी जागा झाडून घेणे, आणि डुगडुगणाऱ्या फळीवर पाऊल न टाकणे, या गोष्टी जाणत्या हमालाला सांगण्याची गरज नाही. घाईच्या वेळी त्या पाळण्याची मात्र आहे. कमरेला पट्टा बांधल्याने दुखापत टळते असे सिद्ध झालेले नाही. पट्ट्याने आधार वाटत असेल तर बांधावा, पण त्याच्या भरवशावर जास्त वजन घेऊ नये.

दाखला कसा मागावा

दवाखान्यातून मिळणाऱ्या चिठ्ठीवर बहुधा ‘विश्रांती आवश्यक’ एवढेच लिहिलेले असते. या दोन शब्दांचा मुकादमाला काही उपयोग नसतो, कारण तो माणूस आठ दिवसांनी आल्यावर त्याला कोणते काम द्यावे हे त्यातून कळत नाही, आणि कामगारालाही नसतो, कारण मुदत संपताच तो पूर्ण बरा असल्याचे गृहीत धरले जाते. म्हणून डॉक्टरांसमोर बसल्यावर आपले काम प्रथम आकड्यांत सांगावे: ‘मी दिवसाला ५० किलोंच्या पन्नास-साठ गोण्या पाठीवरून वाहतो, त्यांतल्या निम्म्या उंच थप्पीवर चढवतो.’ मग नम्रपणे विचारावे की, किती किलोंपर्यंत, दिवसाला किती तास, आणि किती आठवडे. ‘पुढील ४ आठवडे १५ किलोंहून अधिक वजन उचलू नये, जमिनीवरून उचलणे व थप्पी लावणे टाळावे, त्यानंतर फेरतपासणी’ अशा मजकुराचा, तारखेसह व शिक्क्यासह दाखला मिळाला, तर तो दप्तरात टिकतो. आपल्याला पूर्वीही हेच दुखणे झाले होते ही गोष्ट डॉक्टरांपासून लपवू नये आणि केसपेपरवर तिची नोंद करून घ्यावी.

याला जोडून स्वतःची एक साधी वही असावी. तारीख, आज उचललेला भार, दुसऱ्या सकाळची कंबर (सैल, आखडलेली की दुखरी), आणि घेतलेले औषध, एवढे चार रकाने पुरेत. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलाकडून रोज संध्याकाळी भरून घ्यावेत. दोन महिन्यांनी ती वही चाळली म्हणजे दुखणे ओल्या मालाच्या दिवशी वाढते की रात्रपाळीनंतर, उंच थप्पीने वाढते की ट्रकमधून खाली उतरवताना, हे आपोआप उमगते. आणि डॉक्टरांना व मंडळाला दाखवण्यास ती उपयोगी पडते ती निराळीच.

मुकादम आणि टोळी

परतण्याच्या दिवशी धक्क्यावर उभे राहून ‘मला आज हलके काम द्या’ असे म्हणणाऱ्याची बाजू फार दुबळी असते. गाडी लागलेली असते, व्यापारी ओरडत असतो, आणि त्या गडबडीत मुकादमाला सहानुभूती असूनही सोय करता येत नाही. म्हणून चार दिवस आधी, बाजार उठल्यावर, दाखला हातात घेऊन त्याची गाठ घ्यावी. मागणी निश्चित असावी: ‘दादा, दोन आठवडे मी क्रेट घेईन, गोण्यांची शिलाई आणि मोजदाद करीन, बारदान आवरीन, वाटा निम्मा द्या. तिसऱ्या आठवड्यापासून पुन्हा बोलू.’ निम्म्या वाट्याची तयारी स्वतःहून दाखवली म्हणजे सोबत्यांच्या मनातली कुरकुर पुष्कळशी शमते, कारण त्यांची तक्रार बहुधा माणसाविषयी नसते, वाटणीविषयी असते.

मुकादमांनाही दोन शब्द सांगणे उचित होईल. टोळीतल्या दहांपैकी आठ जणांच्या पाठी केव्हा ना केव्हा धरणारच आहेत, हे ध्यानात घेऊन हलक्या कामाचा वाटा आधीच ठरवून ठेवला, थप्पीवर चढवणारा माणूस दर तासाला बदलला, आणि दर आठवड्याला प्रत्येकाकडून थोडी थोडी रक्कम काढून आजारपणाची भिशी चालवली, तर आज एकासाठी केलेली सोय उद्या दुसऱ्याच्या कामी येते. पोत्याचे वजन शंभर किलोंवरून पन्नासवर आणावे, यासाठी हमालांच्या संघटनांना दीर्घकाळ झगडावे लागले. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली ओझ्याविषयीचा करार केला तेव्हा सोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोंची मर्यादा सुचवली, आणि भारताने तो करार २०१० साली मान्य केला. परंतु ही मर्यादा निरोगी माणसाची आहे. दुखण्यातून उठलेल्या माणसासाठी ती कोणी ठरवून देत नाही, आणि म्हणूनच ती टोळीने ठरवावयाची आहे.

कागदपत्रांचा बंदोबस्त

कामावर झालेल्या इजेची नुकसानभरपाई देण्याची जबाबदारी मालकावर टाकणारा कायदा आपल्याकडे १९२३ पासून आहे आणि त्यातील तत्त्वे सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये कायम राहिली आहेत. नोंदीत माथाडी कामगारालाही नुकसानभरपाईचा हक्क आहे. त्यातील चार बाबी प्रत्येकाला पाठ असाव्यात. कामातून व काम करीत असताना झालेल्या अपघाताने तीन दिवसांहून अधिक काळ काम अशक्य झाले, तर भरपाईचा प्रश्न उद्भवतो. तात्पुरत्या असमर्थतेत मासिक वेतनाच्या २५ टक्के रक्कम दर अर्ध्या महिन्याला देय असते. दावा दोन वर्षांच्या आत करावयाचा असतो. आणि अपघात मद्याच्या अमलाखाली झाला असे ठरले, तर मृत्यू किंवा कायमची पूर्ण असमर्थता यांखेरीज इतर बाबतींत दावा बुडू शकतो.

हळूहळू झिजत गेलेली पाठ अपघात म्हणून सिद्ध करणे अवघड असते; ज्या दिवशी उसण भरली त्या दिवसाची नोंद असेल तरच पुढचे बोलणे होते. म्हणून दुखापत झाल्या दिवशीच मुकादमाला व मंडळाच्या कार्यालयाला लेखी कळवावे, कोणता माल, कोणता गाळा, किती वाजता, सोबत कोण होते हे लिहावे, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी, आणि केसपेपर, औषधांच्या पावत्या व दाखले एका पिशवीत तारीखवार ठेवावेत. ‘किरकोळ आहे, कशाला लिहा’ असे म्हणून सोडून दिलेल्या पहिल्या दोन उसणींमुळेच तिसऱ्या वेळी दाद लागत नाही.

कारखान्यात काम करणाऱ्या आणि महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या वाचकांना कर्मचारी राज्य विमा योजनेचा आधार असतो. आजारपणात वेतनाच्या ७० टक्के दराने वर्षातून ९१ दिवसांपर्यंत, आणि कामावरील इजेमुळे आलेल्या तात्पुरत्या असमर्थतेत ९० टक्के दराने, ती असमर्थता असेपर्यंत, रोख लाभ मिळतो. तेव्हा कामावर झालेली इजा साध्या आजारपणाच्या रजेत दडपू नये. एस.टी., पोलीस, महानगरपालिका अशा शासकीय आस्थापनांतील कर्मचाऱ्याला नोकरीत असताना दिव्यांगत्व आले, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २० प्रमाणे त्याला सामान्यतः कामावरून काढता येत नाही की पदावनत करता येत नाही. जुने काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीतील दुसरे काम, आणि तसे पद नसेल तर अधिसंख्य पद, देण्याची तरतूद आहे. ही गोष्ट ठाऊक नसल्यामुळे कित्येक जण दुखणे लपवून नोकरी टिकवू पाहतात आणि अखेरीस पाठ व नोकरी दोन्ही गमावण्याच्या बेताला येतात.

घरचा हिशेब आणि शेवटचा निर्णय

घरी बसण्याच्या काळात पैशाची चणचण लपवण्यापेक्षा तिची कल्पना आधी दिलेली बरी. किराणा दुकानदार, घरमालक आणि बचत गट यांना पहिल्याच आठवड्यात भेटून मुदत मागितली तर ती सहसा मिळते. महिनाभर तोंड चुकवून मग मागितली तर मिळत नाही. पत्नीला व मोठ्या मुलांना दुखण्याचे खरे स्वरूप आणि पायऱ्यांचे वेळापत्रक सांगावे. दिवसभर घरात बसलेल्या कर्त्या पुरुषाच्या चिडचिडीचे मूळ पुष्कळदा वेदनेत नसून आपण निरुपयोगी झालो या समजुतीत असते, आणि ठरलेल्या दिवशी ठरलेल्या लिटरची बादली उचलण्याचे काम त्या समजुतीवर उपदेशापेक्षा अधिक गुणकारी ठरते. झोप लागत नसेल, जगण्याची उमेद जात असेल, तर तेही डॉक्टरांना तितक्याच मोकळेपणाने सांगावे.

एवढे सर्व करूनही काहींच्या बाबतीत आकडा वर सरकत नाही. तीन-चार महिने नेटाने पायऱ्या चढल्यावरही वीस-पंचवीस किलोंवर कंबर अडत असेल, किंवा नियम पाळूनही वर्षभरात तेच दुखणे तीनदा उलटले असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांचे मत घ्यावे आणि त्याचबरोबर कामाचे स्वरूप बदलण्याचा विचार सुरू करावा. बाजारात तोलाई आहे, मोजदाद आहे, गाळ्यावरची राखण आहे, हातगाडी व टेम्पो आहे. मापाडी होण्यासाठी परवाना लागतो, वाहनासाठीही लागतो, आणि असे परवाने पाठ धड असतानाच, उत्पन्न चालू असतानाच काढून ठेवावे लागतात. पंचेचाळिशीनंतर आपण गोणी वाहणार नाही असे ज्याने तिशीतच ठरवले आणि त्याप्रमाणे शिक्षण, परवाना व बचत यांची तजवीज केली, त्याला ओझ्याखालून बाहेर पडण्यासाठी कंबर मोडण्याची वाट पाहावी लागत नाही.